दुर्बिणींचा वेळ वाटणाऱ्यांना खुलं पत्र: पल्सारच्या नोंदी मध्येच तोडू नका

प्रति,
मोठ्या रेडिओ दुर्बिणींचा वेळ आणि निधी ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

दर फेरीला तुमच्यासमोर प्रस्तावांचा ढीग येतो. दुर्बिणीचे तास मोजके आणि मागणारे कैक. त्या ढिगात एखादा प्रस्ताव असा असतो, जो गेल्या वर्षीही आला होता, त्याच्या आदल्या वर्षीही आला होता आणि दर वेळी जवळपास तेच मागतो: तेच पल्सार, त्याच वारंवारता, दोन-तीन आठवड्यांतून एकदा प्रत्येकाला थोडा वेळ. 'या फेरीत नवीन काय हाती लागेल?' या प्रश्नापुढे खरं उत्तर लिहायचं झालं, तर 'बहुधा काहीच नाही' असं लिहावं लागेल. मग शेजारचा प्रस्ताव, ज्यात नवा स्फोट किंवा नवी वस्तू आहे, तो सहज वरचढ ठरतो. तुमच्या जागी बसलेल्या कुणालाही तसंच वाटेल. तरीही त्या जुन्याच प्रस्तावाची बाजू मांडायला मी हे पत्र लिहीत आहे, कारण पल्सारनी खगोलशास्त्राला दिलेल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी बऱ्याचशा अशाच कंटाळवाण्या, न तुटलेल्या नोंदींतून आल्या आहेत. ही नोंद एकदा तुटली की नंतर कितीही निधी ओतून ती सांधता येत नाही.

पल्सार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र खुलं आहे म्हणून दोन वाक्यांत सांगते. सूर्याहून कितीतरी जड तारा आयुष्याच्या शेवटी कोसळतो तेव्हा त्याच्या गाभ्याचा न्यूट्रॉन तारा उरू शकतो: सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान, आणि व्यास अवघा वीस-पंचवीस किलोमीटर. तो गरगर फिरतो, त्याच्या चुंबकीय ध्रुवांजवळून रेडिओ लहरींचे झोत निघतात, आणि झोत आपल्या दिशेने येईल तेव्हा प्रत्येक फेरीला एक स्पंद आपल्याला मिळतो. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा ताऱ्यांची कल्पना १९३४ मध्येच मांडली होती. प्रत्यक्षात ते सापडायला १९६७ साल उजाडलं.

तो शोध कसा लागला, हे इथे थोडं सविस्तर सांगायला हवं. केंब्रिजजवळच्या शेतात धातूच्या तारा आणि खांब उभारून केलेली ती दुर्बीण क्वासारच्या, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, लुकलुकण्याचा अभ्यास करण्यासाठी होती. जॉसलिन बेल ही तिथली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. दुर्बीण उभारायला तिनेही हात लावला होता. दुर्बीण दिवसाला सुमारे ३० मीटर लांबीची कागदी पट्टी ओकायची आणि ती पट्टी बेल डोळ्यांनी वाचायची. ऑगस्ट १९६७ मध्ये त्या पट्टीवर जेमतेम पाव इंच रुंदीची एक विस्कटलेली खूण दिसली. क्वासारची लुकलुक म्हणावी तर तशी नाही, माणसाने केलेला गोंगाट म्हणावा तर तसाही नाही. आकाशाच्या त्याच भागातून अशी खूण आधीही आल्याचं तिला आठवलं, कारण आधीच्या सगळ्या पट्ट्या तिनेच वाचलेल्या होत्या. पुढे कागद जास्त वेगाने पळवून २८ नोव्हेंबरला नोंद घेतली तेव्हा ती खूण उलगडली: दर १.३३ सेकंदाला एक स्पंद, ठरलेल्या ठेक्यात. वस्तू नवी होती, पण तिला ओळख मिळाली ती जुन्या नोंदींमुळे.

आता आजच्या एका निरीक्षणात काय घडतं ते पाहा. दुर्बीण अर्धा तास एका पल्सारकडे रोखली जाते. एकेकटा स्पंद बहुतेक वेळा गोंगाटात बुडालेला असतो, आणि दिसलाच तर प्रत्येकाचा आकार निराळा. म्हणून ताऱ्याच्या फिरण्याच्या काळानुसार हजारो स्पंद एकावर एक रचून त्यांची बेरीज करतात. त्या बेरजेतून एक स्थिर आकृती उमटते. कुठे टोकदार शिखर, कुठे बाजूला लहानसा उंचवटा. ज्याने त्याच पल्सारवर काही वर्षं काम केलं आहे तो ती आकृती नाव न वाचता ओळखतो. ही आकृती ठरलेल्या नमुन्याशी ताडून पाहिली की स्पंद नेमका केव्हा पोहोचला ते कळतं, उत्तम पल्सारच्या बाबतीत सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही बारीक. मग पृथ्वीच्या भ्रमणाचा आणि परिभ्रमणाचा हिशोब करून ती वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेतात. ताऱ्यांमधल्या वायूतले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त उशीर लावतात; तो उशीर निराळा काढण्यासाठी निदान दोन वारंवारतांवर मोजमाप घ्यावं लागतं. एवढं सगळं झाल्यावर हाती येतो एक आकडा: स्पंद यायला हवा होता ती वेळ आणि तो आला ती वेळ यांतला फरक. आलेखावरचा एक ठिपका.

त्या एकट्या ठिपक्याला काहीच किंमत नाही. त्याला अर्थ येतो तो मागच्या-पुढच्या ठिपक्यांमुळे, आणि तोही दोन ठिपक्यांच्या मधल्या काळात तारा किती वेळा फिरला हे पूर्णांकात ठाऊक असेल तरच. डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीने शोधलेला पहिला मिलिसेकंद पल्सार सेकंदाला ६४२ फेऱ्या मारतो. वर्षाला सुमारे २० अब्ज फेऱ्या, आणि हिशोबातून त्यातली एकही निसटता कामा नये. असे पल्सार फार शहाण्यासारखे वागतात, त्यामुळे त्यांच्या नोंदीत थोडा खंड पडला तरी मोजणी जुळवता येते. तरुण पल्सारचं तसं नाही. व्ही. राधाकृष्णन आणि रिचर्ड मँचेस्टर यांनी १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीवर पाहिलं की हळूहळू मंदावत जाणारा वेला पल्सार अचानक किंचित वेगाने फिरू लागला आहे. या उडीला ग्लिच म्हणतात. ताऱ्याच्या पोटातला अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारा, द्रव आणि वरचं कवच यांच्यातल्या ओढाताणीतून ती होते असं मानलं जातं, आणि म्हणूनच त्यानंतरचे काही तास, काही दिवस, काही आठवडे तारा कसा सावरतो ते पाहणं ही त्याच्या अंतरंगात डोकावण्याची दुर्मीळ संधी असते. ग्लिच आगाऊ सांगून होत नाही. त्या दिवशी दुर्बीण तिथे असली तर असली.

इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत ४२ फुटी म्हणजे जेमतेम १३ मीटर व्यासाची एक जुनी तबकडी आहे. १९८०च्या दशकापासून तिचं मुख्य काम एकच: क्रॅब पल्सार क्षितिजाच्या वर असेल तेव्हा त्याच्यावर डोळा ठेवणं. इसवी सन १०५४ मध्ये चिनी खगोलवेत्त्यांनी नोंदवलेल्या स्फोटातून उरलेला हा तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो आणि दर दिवशी त्याचा फेरा सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी लांबतो. या एवढ्याशा तबकडीच्या २२ वर्षांच्या नोंदींतून २०१३ मध्ये अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की क्रॅबच्या स्पंदातली दोन शिखरं एकमेकांपासून दूर सरकत आहेत, शंभर वर्षांत अर्ध्या अंशाहून थोडी जास्त या गतीने. ताऱ्याचा चुंबकीय अक्ष विषुववृत्ताकडे झुकत असल्याची ही खूण असावी. इतकी संथ हालचाल जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीलाही एका रात्रीत दिसणार नाही. तेरा मीटरच्या तबकडीला दिसली, कारण तिला कुणी दुसरीकडे वळवलं नाही.

रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांचा १९७४चा द्वैती पल्सार तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९९३चं नोबेल त्याला मिळालं. पण त्यातलं गणित समितीच्या टेबलावर क्वचितच मांडलं जातं. दोन न्यूट्रॉन तारे पावणेआठ तासांत एकमेकांभोवती फेरी मारतात आणि गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांतून, ऊर्जा गमावत जवळ येतात. त्यामुळे ते एकमेकांच्या सर्वांत जवळ येण्याची वेळ अपेक्षेपेक्षा लवकर येते, आणि हा फरक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिल्या वर्षात तो सेकंदाचा विसावा हिस्साही भरत नाही. तीस वर्षांत तो सुमारे ४० सेकंदांवर जातो. तीस वर्षांच्या नोंदीतलं शेवटचं वर्ष पहिल्या वर्षापेक्षा कितीतरी मोलाचं आहे, आणि नेमकं त्याच वर्षी कुणीतरी विचारतं, 'हे अजून किती दिवस चालणार?' आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी हे मोजमाप ०.२ टक्क्यांपर्यंत जुळलं आहे, तेही गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष पकडल्या जाण्याच्या कितीतरी आधी.

२००३ मध्ये पार्क्सला सापडलेल्या जोड-पल्सारची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. त्या जोडीतले दोन्ही तारे पल्सार म्हणून दिसत होते. असं दुसरं उदाहरण आजही हाती नाही. पण सापेक्षतावाद सांगतो त्याप्रमाणे त्यांचे अक्ष हळूहळू डोलत असतात. २००८च्या मार्चमध्ये त्यांतल्या दुसऱ्या ताऱ्याचा झोत आपल्याला चुकवून निघून गेला आणि तो दिसेनासा झाला. कधीतरी तो परत येईल. दोन्ही तारे मिळून आपल्याला पाचेक वर्षंच मिळाली. त्या पाच वर्षांत एखाद्या समितीने 'पुढच्या फेरीत बघू' म्हटलं असतं, तर दोघांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर थेट मोजण्याची ती संधी हुकली असती. तसं झालं नाही, आणि जो तारा दिसत राहिला त्याचाही पाठपुरावा सोडला नाही, म्हणून मायकेल क्रेमर आणि सहकारी २०२१ मध्ये १६ वर्षांच्या नोंदींवरून सापेक्षतावादाची आजवरच्या सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी एक करू शकले.

आता जून २०२३कडे येते. उत्तर अमेरिकेचा नॅनोग्रॅव्ह गट, युरोपीय गट आणि त्यांच्यासोबतचा भारतीय गट, ऑस्ट्रेलियाचा गट आणि चीनचा गट यांनी एकाच वेळी जाहीर केलं की आकाशगंगेत विखुरलेल्या डझनावारी मिलिसेकंद पल्सारच्या वेळांमध्ये एक सामाईक थरथर दिसते आहे, आणि दोन पल्सारमधल्या कोनानुसार ती कशी बदलावी याचं रॉन हेलिंग्ज आणि जॉर्ज डाउन्स यांनी १९८३ मध्ये काढलेलं गणित तिला लागू पडतं आहे. अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरं दूरच्या दीर्घिकांमध्ये एकमेकांभोवती फिरत असतील तर त्यांच्या लहरी अशाच दिसाव्यात. हा अजून पुरावा आहे, पक्का शोध म्हणण्याचा टप्पा पुढे आहे. त्या शास्त्रज्ञांनीही तसंच जपून म्हटलं आहे.

या लहरींची एक लाट पुरी व्हायला काही वर्षं, कधी दशकंही लागतात. तिथे घाई चालत नाही. नॅनोग्रॅव्हकडे १५ वर्षांच्या नोंदी होत्या, ऑस्ट्रेलियाकडे १८, युरोपकडे जवळपास २५. चीनच्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने साडेतीन वर्षांहूनही कमी काळात आपला निकाल दिला, आणि समितीच्या बैठकीत याचा दाखला दिला जाईल याची मला खात्री आहे: मोठी दुर्बीण असेल तर दशकं कशाला? संवेदनशीलतेचं मोल मी अजिबात कमी लेखत नाही. फास्टने जे केलं ते थक्क करणारं आहे. पण साडेतीन वर्षांच्या नोंदीत दहा वर्षांची लाट मावत नाही, मग तबकडी ५०० मीटरची असो की ५,००० मीटरची. आणि या लहरींचा जोर सर्वांत जास्त आहे तो नेमका त्या लांबलचक लाटांमध्येच.

लांब नोंद आणखी एका कारणाने लागते. २०१८ मध्ये नॅनोग्रॅव्हने ११ वर्षांच्या नोंदींचा हिशोब मांडला तेव्हा गुरू ग्रहाच्या कक्षेतली बारीकशी अनिश्चितता आडवी आली. सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र गुरूच्या ओढीने हलतं. त्याची जागा थोडी चुकली की सगळ्याच पल्सारच्या वेळा एकदम चुकतात आणि ती चूक लहरीसारखी भासू शकते. गुरूची एक प्रदक्षिणा जवळपास १२ वर्षांची. नोंद त्याहून लांबली, तेव्हा ती चूक वेगळी ओळखणं सोपं झालं. ताऱ्यांमधल्या वायूचंही तसंच. इलेक्ट्रॉनांची घनता महिन्यागणिक बदलते, आणि ती नीट टिपायला कमी वारंवारता हव्यात. भारतीय गट खोडदच्या जीएमआरटीवर, ४५ मीटरच्या ३० तबकड्यांच्या त्या दुर्बिणीवर, ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नेमकं हे करतो. या कामाने वर्तमानपत्राचा मथळा होत नाही. पण ते नसेल तर मथळ्याच्या निकालावरचा विश्वास डळमळतो.

अरेसिबोबद्दल लिहिताना अजूनही जड जातं. १९६३ पासून चाललेली ३०५ मीटरची ती दुर्बीण. ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या दोन केबल तुटल्या आणि १ डिसेंबरला वरचा सगळा सांगाडा तबकडीवर कोसळला. द्वैती पल्सार तिथला, पहिला मिलिसेकंद पल्सार तिथला. सूर्यमालेबाहेरचे पहिले खात्रीचे ग्रहही तिथलेच: १९९० च्या सुमारास दुरुस्तीमुळे दुर्बीण नेहमीसारखी फिरवता येत नव्हती, तेव्हा तो पडीक वेळ पल्सार शोधायला वापरून अलेक्झांडर वोल्श्चान यांनी एक पल्सार टिपला, आणि त्याच्या स्पंदांच्या पुढेमागे होण्यावरून १९९२ मध्ये डेल फ्रेल यांच्यासह त्याचे दोन ग्रह जाहीर केले. पुढे चालू राहिलेल्या नोंदींतून तिसराही निघाला, आपल्या चंद्राच्या दुपटीहूनही हलका. नॅनोग्रॅव्हच्या दोन मुख्य दुर्बिणींपैकी एक अरेसिबो होती. ती गेली तेव्हा पर्यायी दुर्बीण तयार नव्हती. जे पल्सार दुसरीकडे हलवता आले त्यांची नोंद पुढे चालली, पण तिच्याइतकी संवेदनशीलता त्यांना परत मिळाली नाही.

जुन्या नोंदी जपण्याबद्दलही मला आग्रहाने बोलायचं आहे. डंकन लोरिमर आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड नार्केविच २००७ मध्ये पार्क्सच्या २००१ सालच्या पल्सार-शोधाच्या नोंदी पुन्हा चाळत होते. त्यात सहा वर्षं कुणाच्या लक्षात न आलेला, काही मिलिसेकंदांचा एक प्रचंड स्पंद सापडला. त्याच्या कमी वारंवारतांना झालेला उशीर सांगत होता की तो आपल्या आकाशगंगेच्या पलीकडून आला आहे. वेगवान रेडिओ स्फोटांचं आजचं सगळं क्षेत्र त्या एका फाइलमधून निघालं. २०२३ मध्ये दर २२ मिनिटांनी स्पंद देणारी एक अजब वस्तू जाहीर झाली. इतक्या संथ फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याने मुळात रेडिओ स्पंद देऊच नयेत असं मानलं जातं. शास्त्रज्ञांनी जुनी दप्तरं उघडली, तर तिचे स्पंद थेट १९८८च्या नोंदींपर्यंत मागे सापडले. पस्तीस वर्षं ती तिथेच होती. १९८८च्या त्या नोंदी जागा अडवतात म्हणून कुणी पुसल्या असत्या, तर या वस्तूचा फेरा इतका स्थिर आहे हे आज कळलंच नसतं. साठवणीचा खर्च कमी करायचा प्रस्ताव पुढच्या वेळी टेबलावर येईल तेव्हा हे उदाहरण आठवावं.

तुमची अडचण मला कळते. प्रत्येक तास कुणाला तरी दिला म्हणजे दुसऱ्या कुणाचा काढून घेतला. पल्सारची नोंद ठेवणारे सगळेच प्रस्ताव सारखे मोलाचे नाहीत, आणि काही पल्सार यादीतून गाळायलाच हवेत. वेळेची अचूकता वर्षानुवर्षं सुधारत नसेल तर त्यांच्यावर तास घालवण्यात अर्थ नाही. ती छाटणी जरूर करा, कठोरपणे करा. मात्र जे पल्सार उरतील त्यांना दर सहा महिन्यांनी पुन्हा रांगेत उभं करू नका. त्यांना सलग पाच किंवा दहा वर्षांचा वेळ द्या आणि मूल्यमापन त्या मुदतीच्या शेवटी करा. त्यांच्या प्रस्तावाला 'नवीन काय' हा प्रश्न विचारण्याऐवजी नोंद किती सलग आहे, अचूकता किती टिकली आहे, ती इतरांना वापरता येईल अशी ठेवली आहे का, हे विचारा.

ही नोंद ठेवणाऱ्या माणसांचाही विचार व्हावा. १९७४चं नोबेल अँटनी ह्यूइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. पट्टीवरची ती खूण ओळखणाऱ्या बेल त्यात नव्हत्या. आज ज्या तरुण संशोधकाची उमेदीची पाच वर्षं घड्याळांच्या दुरुस्त्या करण्यात, खराब नोंदी वेचून काढण्यात आणि दोन यंत्रणांमधला काही नॅनोसेकंदांचा फरक शोधण्यात जातात, त्याच्या नावावर त्या काळात एखादाच शोधनिबंध असतो. नेमणुकीच्या वेळी त्याची तुलना वर्षाला चार निबंध लिहिणाऱ्याशी होते. नेमणुका तुमच्याच सहकाऱ्यांच्या हाती असतात. जाहीर केलेल्या नोंदसंचाला शोधनिबंधाइतकंच वजन द्या.

शेवटची मागणी यंत्रं बदलण्याबद्दल. दुर्बिणी जुन्या होतात, रिसीव्हर बदलावे लागतात, काही वेधशाळा बंदही कराव्या लागतात. नवी यंत्रणा बसवताना जुनी त्याच दिवशी काढू नका. निदान वर्षभर दोन्ही यंत्रणांनी तेच पल्सार शेजारी-शेजारी मोजू द्या, म्हणजे दोघींच्या घड्याळांमधला फरक कळेल आणि जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता येईल. दुर्बीण बंद करायची असेल तर तिचे पल्सार कोणत्या दुर्बिणीकडे जाणार ते आधी ठरवा आणि बंद करण्याची तारीख त्यानंतर जाहीर करा. यासाठी लागणारे तास फार नाहीत. ते पुढच्याच वेळापत्रकात घालावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पल्सारच्या नोंदींवर काम करणारी एक अभ्यासक